माफीची पेटी

उनोझाकी बंदरात कुणाचा खांदा निखळला, बोट मुरगळलं किंवा पाठीत उसण भरली, तर माणसं हॉस्पिटलची वाट विचारत नसत, त्सुकुदा हाडवैद्यांचं घर विचारत. घर सापडायला सोपं होतं. डावीकडे दवाखाना, उजवीकडे ज्युदोचा आखाडा आणि दोन्हींच्या मधे एकच सरकतं दार. आखाड्यात मोडायचं आणि दवाखान्यात जोडायचं, म्हणजे गिऱ्हाईक बाहेर जायलाच नको, असं बंदरावरचे कोळी गमतीनं म्हणत. त्सुकुदांना ही गंमत आवडायची. त्यांच्या गुरूंचंही असंच होतं आणि गुरूंच्या गुरूंचंही. ज्याला माणूस पाडता येतो त्यालाच तो सांधता येतो, अशी या घराण्याची समजूत. सरकारी परवानाही काचेत मढवून भिंतीवर लावलेला होता. गाव त्यांना सेन्सेई म्हणे, म्हणजे गुरुजी.

एकाहत्तराव्या वर्षी त्सुकुदांच्या अंगात ज्युदो फारसा उरला नव्हता, पण हात शाबूत होते. त्या हातांचा त्यांना गर्व होता, आणि तो लपवण्याइतके ते धूर्त नव्हते. चहाचा पेलासुद्धा ते असा धरायचे, जणू पेल्याचाही सांधा निखळलाय.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी आखाड्यात मुलांचे आईबाप सराव बघायला आले होते. जूनमध्ये सांघिक स्पर्धा होत्या. मुलींच्या संघात तिघी लागतात आणि त्या वयाच्या मुली आखाड्यात बरोबर तीनच होत्या. त्यांतली मिनोरी हिगुची सोळा वर्षांची. मुलगी अबोल, पण कष्टाला वाघीण. सगळ्यांच्या आधी येऊन चटया पुसायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची. त्या दुपारी समोरच्या मुलीला खांद्यावरून फेकायला ती गर्रकन वळली. अंग वळलं, पण पाऊल चटईला चिकटून राहिलं. दुसऱ्याच क्षणी ती खाली बसली आणि आपल्या उजव्या गुडघ्याकडे परक्या वस्तूकडे बघावं तशी बघू लागली. गुडघ्याची वाटी समोर नव्हती. ती बाहेरच्या अंगाला जाऊन बसली होती.

आईबाप उठून उभे राहिले. त्सुकुदा मात्र सावकाश चालत आले, मांडी मोडून बसले आणि एक हात मिनोरीच्या टाचेखाली घातला.

"वर बघ. छताला किती दिवे आहेत, मोज," ते म्हणाले.

ती मोजू लागली. त्यांनी पाय हलकेच सरळ करत नेला, अंगठा वाटीच्या कडेला लावला, आणि ती पाचव्या दिव्यावर पोचली तेव्हा 'टक्' असा बारीक आवाज झाला.

"बसली," त्सुकुदा म्हणाले.

आईबापांनी टाळ्या वाजवल्या. मिनोरीची आई साचिए मासे भरायच्या शेडमध्ये कामाला होती. ती कामावरून तशीच रबरी बूट घालून सराव बघायला आली होती आणि आता दाराशी एकाच वेळी रडत आणि वाकून नमस्कार करत होती. तेवढ्यात ओनिशी पुढे झाला. हा शाळेत कसरतीचा मास्तर, आणि आखाड्यात त्सुकुदांचा मदतनीस. गाडी बाहेरच आहे, हिला नेऊन एकदा एक्स-रे काढून आणू का, असं त्यानं विचारलं.

त्सुकुदांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "फोटो कशाला? पोरीचं स्थळ बघायचंय का?"

सगळा आखाडा हसला. साचिए हसली, ओनिशी कानापर्यंत लाल होऊन हसला, आणि दात आवळून बसलेली मिनोरीसुद्धा हसली.

इथवर जे झालं त्यात हातांची चूक काहीच नव्हती. वाटी बसवली ती चोख बसवली होती. चूक संध्याकाळी झाली, आणि ती हातांनी केली नाही.

संध्याकाळी त्सुकुदा मिनोरीच्या घरी गेले. चार तासांत गुडघा टम्म फुगला होता, वरची कातडी ताणून चकचकीत झाली होती. त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि त्यांना कळलं. कळलं म्हणजे शंका आली असं नव्हे. वर्षातून दोनदा ते हाडवैद्यांच्या शाळेत शिकवायला जात, आणि तिथे फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारत: सूज दुसऱ्या दिवशी आली तर पाणी, चार तासांत आली तर रक्त. रक्त म्हणजे आत काहीतरी फाटलंय नाहीतर तुटलंय. तिथे आपले हात थांबले, पोरांनो, तिथून पुढे डॉक्टर. ही दोन ओळींची विद्या त्यांनी तीस वर्षं वाटली होती, आणि त्या संध्याकाळी स्वतःच्या वाट्याला आल्यावर गिळून टाकली.

का गिळली? फार मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. कारण ओनिशीची गाडी होती. उद्या तीच गाडी मिनोरीला घेऊन एक्स-रेला गेली असती, तर ज्या आईबापांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी ती रस्त्यात बघितली असती. म्हाताऱ्याला बोललेलं गिळावं लागलं, एवढंच गावानं म्हटलं असतं आणि आठवड्यात विसरूनही गेलं असतं. पण तेवढंही त्सुकुदांना सोसणार नव्हतं.

"सूज येणारच. आपण लेप लावू," ते साचिएला म्हणाले.

सोमवारी त्यांनी डॉक्टर मिमुरांना फोन केला. नियमच होता तसा. निखळलेलं बसवायला हाडवैद्याला कुणाची परवानगी लागत नाही, पण पुढचे उपचार करायचे तर डॉक्टरचा होकार हवा. मिमुरा त्यांच्याच वयाचे, गुरुवारी पट मांडून खेळायला बसणारे मित्र, आणि वीस वर्षं हा होकार ते फोनवरच देत आले होते. सूज किती आहे, असं मिमुरांनी विचारलं. थोडीशी, असं त्सुकुदा म्हणाले. मिमुरांनी होकार दिला आणि गुरुवारी लवकर ये म्हणाले.

पुढचे तीन आठवडे मिनोरी एक दिवसाआड शाळा सुटल्यावर दवाखान्यात येत होती. लेप, पट्टी, विजेच्या यंत्राचा शेक. त्सुकुदा तिला धीर देत, वेळ लागतो, तोवर सराव अजिबात नाही, म्हणत. लेप शिजवायचं आणि पट्ट्या धुवायचं काम त्यांच्या बायकोचं, किनुएचं. चव्वेचाळीस वर्षं पट्ट्या गुंडाळून तिचे डोळे शिवणकाम करणाऱ्या बाईसारखे झाले होते.

"अहो, सूज उतरली की पट्टी उरते. हिची उरतच नाही," ती एके दिवशी म्हणाली.

"तुला काय कळतंय गुडघ्यातलं?"

"गुडघ्यातलं नाही कळत. पट्टीतलं कळतं."

त्सुकुदांनी टीव्ही मोठा केला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या जिन्यावर मिनोरीचा गुडघा अडकला. वाकलेला होता तो सरळच होईना. शाळेनं साचिएला बोलावलं, साचिएनं टॅक्सी बोलावली, आणि टॅक्सी दवाखान्यावरून सरळ पुढे जिल्ह्याच्या मोठ्या हॉस्पिटलात गेली. तिथे आतले फोटो काढले, सगळ्या बाजूंनी. वाटीला आतून धरून ठेवणारा बंध तुटला होता. वाटीच्या मागचा एक तुकडा सुटून सांध्यात हिंडत होता आणि तोच दारात पाचर बसावी तसा मधे अडकला होता. दुर्बिणीतून ऑपरेशन करावं लागेल, आणि जितकं लवकर तितकं बरं, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली. मुलींचा संघ स्पर्धेतून बाद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साचिए दवाखान्यात आली. अंगावर ठेवणीतले काळे कपडे होते आणि हातात कापडात बांधलेली पेटी. त्सुकुदांची नजर आधी त्या पेटीवर गेली. उनोझाकीत माफी मागायला कुणी रिकाम्या हातानं जात नाही, आणि बिस्किटांसारखं हलकंफुलकं काही नेऊन भागतही नाही. पेटीला वजन हवं. म्हणून लोक योकान नेतात, लाल चवळीच्या घट्ट गोड वड्यांच्या लाद्या. पेटी घेणाऱ्याचा हात खाली गेला पाहिजे, तेव्हा माफी पोचली म्हणायची.

त्सुकुदांना क्षणभर वाटलं की ही बाई आपल्याला जाब विचारायला आली आहे, आणि खरं सांगायचं तर तसं असतं तर बरंच झालं असतं. पण जाब विचारायला कुणी योकान घेऊन येत नाही. साचिए दवाखान्याच्या जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि तिनं कपाळ जमिनीला लावलं.

"सेन्सेई, तुम्हाला न विचारता आम्ही मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तुमचा मान ठेवला नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे पोरीनं तुमचं ऐकलं नाही. वाटी बसवल्यावर चौथ्या दिवशी खोलीत दार लावून पायांचा सराव केला म्हणे. काल स्वतःच रडून सांगितलं तिनं. तुमची सगळी मेहनत मातीत घातली हो."

लेपाच्या पातेल्याशी उभ्या असलेल्या किनुएचा हात थांबला.

हीच ती वेळ होती. तोंड उघडायचं आणि एक वाक्य बोलायचं, बस. त्सुकुदांनी तोंड उघडलंही.

"होतं असं. मुलं ऐकत नाहीत," ते म्हणाले, आणि दोन्ही हात पुढे करून त्यांनी पेटी घेतली. हात चांगलाच खाली गेला.

साचिए गेल्यावर त्यांनी पेटी किनुएकडे दिली. घरात आलेला खाऊ आधी पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवायचा आणि मग कापायचा, अशी रीत. किनुए पेटी घेऊन देव्हाऱ्यापर्यंत गेली आणि तशीच परत आली.

"तुमच्या आईवडिलांना काय सांगून ठेवू?" तिनं विचारलं. "कशाबद्दल आलीय म्हणून?"

तिनं पेटी दवाखान्याच्या टेबलावर ठेवली, कापडासकट. रोज सकाळी टेबल पुसताना ती पेटी उचलायची आणि पुसून झालं की तिथेच ठेवायची. घरात भांडण नव्हतं. भांडण असतं तर त्सुकुदांना निदान ओरडता आलं असतं.

गुरुवारी त्याहून वाईट झालं. आखाड्याचा नियम कुणी मोडला तर त्यानं आपली चूक कागदावर लिहून सगळ्यांपुढे वाचायची, अशी पद्धत होती. ती त्सुकुदांनीच घालून दिलेली. सरावाला उशीर झाला तर चार ओळी, भांडण केलं तर एक पान. मिनोरीला कुणी लिही म्हटलं नव्हतं. ती आपणहून कुबड्या घेऊन आली, तिच्या हातात दुमडलेला कागद होता. सगळे पाय मुडपून ओळीत बसले होते. वरच्या बाजूला, भिंतीजवळच्या मानाच्या जागी त्सुकुदा बसले होते. ती मधे उभी राहिली आणि वाचू लागली.

"मी स्वतःच्या हट्टापायी सेन्सेईंची आज्ञा मोडली. त्यामुळे माझा गुडघा बिघडला आणि संघाला माघार घ्यावी लागली. दोन वर्षं ज्यांनी माझ्याबरोबर घाम गाळला त्यांचं मी नुकसान केलं. मला खाली बसता येत नाही म्हणून मी उभी राहून माफी मागते आहे. त्याचीही माफी मागते."

संघातल्या दुसऱ्या दोघी, नात्सुहा आणि इओरी, चटईकडे बघत बसल्या. इओरी रडत होती, पण ते रडणं मिनोरीसाठी नव्हतं, हुकलेल्या स्पर्धेसाठी होतं. मिनोरी वाचून थांबली आणि मानाच्या जागेकडे बघत राहिली. त्सुकुदांनी मान हलवली. चूक पोटात घातली, असा त्याचा अर्थ. मुलगी वाकली, कुबड्या सावरत दाराकडे गेली, आणि तिच्यासाठी दार सरकवायलाही कुणी उठलं नाही.

चोरानंच पंच होऊन बसावं, तसं ते बसणं होतं. आपल्या मानेनं आपलं ऐकलं नाही, असं त्सुकुदांना नंतर वाटलं, पण तेही खोटंच. मानेनं त्यांचंच ऐकलं होतं.

मंगळवारी ऑपरेशनला सोबत याल का, असं साचिएनं फोनवर विचारलं. मिनोरीचे वडील मालवाहू जहाजावर, त्यांना यायला महिना लागणार. आणि डॉक्टर जे सांगतील ते मला कळणार नाही, तुम्ही असाल तर आधार वाटेल, असं ती म्हणाली. त्सुकुदांना नाही म्हणता आलं नाही. निघताना किनुएनं ती पेटी त्यांच्या हातात दिली.

"चुकीच्या घरी आली होती. पोचवून या," ती म्हणाली.

हॉस्पिटलच्या खोलीत दोन तास ते पेटी मांडीवर घेऊन बसले. साचिए अधूनमधून त्यांचे आभार मानत होती. प्रत्येक आभाराला पेटी जड होत होती. मग डॉक्टर इनाबांनी दोघांना आत बोलावलं. चाळिशीची, केस घट्ट बांधलेली बाई, बोलणं सावकाश आणि अदबीचं. ऑपरेशन नीट झालं, असं आधी सांगून तिनं पडद्यावर आतलं चित्र लावलं.

गुडघ्याला दोन बारीक भोकं पाडून आत कॅमेरा घातला होता. पाण्यानं भरलेली जागा, आणि त्यात सोललेल्या माकुळासारखं पांढरंशुभ्र सगळं. त्सुकुदांनी आयुष्यभर गुडघे हाताळले होते, पण गुडघा आतून असा हलताना पहिल्यांदाच पाहिला. पाण्यात बंधाचे तुटलेले धागे डोलत होते. मग चिमट्यात धरलेला तो तुकडा आला, अंगठ्याच्या नखाएवढा. बंध धाग्यांनी परत वाटीला बांधलाय, तुकडा विरघळणाऱ्या बारीक खिळ्यांनी बसवलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण तुकड्याच्या कडा घासून गोल झाल्या होत्या, त्यामुळे तो पूर्ण बसला नाही. थोडी खाच राहिली. वर्षभर ज्युदो नाही. त्यानंतरचं आत्ता सांगता येणार नाही.

घासून गोल झाल्या होत्या. फुटलेल्या बशीचा तुकडा त्याच दिवशी लावला तर केसाएवढी भेग दिसते. तोच तीन आठवडे खिशात किल्ल्यांबरोबर खुळखुळला की मग काय बसणार? आणि हा खुळखुळत होता तेव्हा वरून त्सुकुदांचा लेप होता आणि विजेचा शेक होता.

"डॉक्टर, चौथ्या दिवशी पोरीनं न सांगता सराव केला होता. त्यानंच तुटलं ना हे?" साचिएनं विचारलं.

डॉक्टर इनाबांनी त्सुकुदांकडे क्षणभर पाहिलं. त्यांचं नाव आणि धंदा समोरच्या कागदावर होता. वडीलधारा माणूस, मांडीवर पेटी, शेजारी पेशंटची आई. बाईनं नजर कागदावर वळवली.

"नेमकं कधी तुटलं ते सांगणं अवघड असतं. अशा दुखापतीत असं होतं," ती म्हणाली, आणि त्सुकुदांपुढे किंचित वाकून पुढे म्हणाली, "पहिल्या दिवशी वाटी फार सफाईनं बसवली होती."

"आभारी आहे," त्सुकुदा म्हणाले.

आभारी आहे! आयुष्यात कुणी त्यांना इतकं हळुवारपणे झाकलं नव्हतं, आणि म्हातारा त्या पांघरुणाखाली मुकाट्यानं शिरला. छातीतून सुटकेचा श्वास निघाला तो त्यांनी स्वतः ऐकला. तो ऐकला आणि मग मात्र त्यांना स्वतःची किळस आली. शरम त्यांना इतके दिवस वाटतच होती, पण ती चपलेतल्या खड्यासारखी, चालता येईल इतकीच. आता चालता येईना.

दुपारी मिनोरीला शुद्ध आली. साचिए तिच्या वडिलांच्या जहाजावर निरोप पाठवायला खाली गेली, आणि त्सुकुदा पेटी घेऊन पलंगाजवळच्या खुर्चीत बसले. मुलीचा पाय सरळ, जाड पट्ट्यात होता. ती त्यांना बघून उठायला लागली, जमलं नाही, तेव्हा तिनं उशीवरच मान वाकवली.

"सेन्सेई, तुमचा दिवस मोडला. माफ करा." आवाज कोरडा पडला होता. "मला आखाड्यातून काढू नका. मी खेळणार नाही. कोपऱ्यात बसेन, चटया पुसेन. नात्सुहा आणि इओरी मला हवं ते बोलू देत, माझी तक्रार नाही."

त्सुकुदांनी पेटी खाली ठेवली.

"मिनोरी, तुझा गुडघा चौथ्या दिवशी तुटला नाही. पहिल्याच दिवशी तुटला होता. संध्याकाळी तुझ्या घरी आलो तेव्हा मला कळलं होतं."

तिनं पट्ट्यातल्या आपल्या पायाकडे पाहिलं.

"आत रक्त भरलं होतं. तेव्हाच तुला इथे आणायला हवं होतं. नाही आणलं. फोटो कशाला म्हणून सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो, ते मागे घ्यायची लाज वाटली. लवकर आणलं असतं तर तुकडा पूर्ण बसला असता. तुझी आई माफी मागायला आली तेव्हा गप्प बसलो. तू पत्र वाचलंस तेव्हाही."

शेजारच्या पलंगावरच्या आजीबाई संत्रं सोलत होत्या, त्यांनी आपणहून पडदा ओढून घेतला.

"मी दहा वेळाच पाय फिरवला होता," मिनोरी म्हणाली. "दहाच. रोज आठवून मोजते मी. वाटतं, सातव्या वेळी थांबले असते तर. आठव्या वेळी थांबले असते तर. म्हणजे त्या दहांनी काहीच नाही झालं?"

"काहीच नाही."

तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि खांदे हलू लागले. त्सुकुदा खुर्चीवरून उतरले, जमिनीवर बसले आणि कपाळ टेकलं. लादी गार होती. उठून त्यांनी पेटी तिच्या पलंगावर ठेवली. ही तुझ्या आईनं आणली होती, माझ्याकडे यायला नको होती, असं म्हणाले. सांगून झालं, असं त्यांना वाटलं. सगळं अंग हलकं होईल असं वाटलं, आणि ते थोडं व्हायलाही लागलं होतं.

मिनोरीनं डोळे पुसले आणि पेटीकडे पाहिलं. हात लावला नाही.

"मी माझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं होतं, सेन्सेई," ती म्हणाली.

एवढंच. आवाज चढला नव्हता. त्सुकुदांनी पेटी पुन्हा कापडात बांधली. खाली साचिए जिन्यात भेटली, तिथेच त्यांनी तिलाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, एकदाही वाकली नाही, आणि पोरगी एकटी आहे म्हणून वर निघून गेली.

शुक्रवारी त्यांनी पत्र लिहायला घेतलं. पहिलं दोन पानी झालं. किनुए शेजारी चष्मा लावून बसली आणि वाचत गेली.

"हे 'वयोमानानुसार' कशाला? काढा."

काढलं.

"'गैरसमजातून' कशी झाली? तुमचा समज चांगला होता. काढा."

तेही काढलं. किनुएच्या हातून सुटता सुटता दोन पानांच्या सात ओळी उरल्या.

शनिवारी त्सुकुदांनी आईबापांनाही बोलावलं. सगळे जमले तेव्हा मानाची जागा रिकामी होती. त्सुकुदा दाराजवळ, चपलांच्या फळीशेजारी बसले होते, जिथे आठवड्यापूर्वी आलेली नवी पोरं बसतात. समोर पेटी. ओनिशी धावत आला आणि वर बसा म्हणून अजीजी करू लागला. आज माझी जागा इथे आहे, तूही ऐक, असं त्याला सांगून त्यांनी कागद उलगडला.

"मी स्वतःच्या हट्टापायी मिनोरी हिगुचीचा गुडघा बिघडवला," त्यांनी वाचलं. "तिनं कुठलीही चूक केली नाही. तिचा गुडघा पहिल्याच दिवशी आतून तुटला होता, आणि त्याच संध्याकाळी मला ते माहीत होतं. ओनिशी मास्तरांनी एक्स-रे काढू या म्हटलं तेव्हा मी त्यांची थट्टा केली आणि तुम्ही हसलात. ते हसू माझ्यावर उलटू नये म्हणून मी तिला तीन आठवडे हॉस्पिटलात जाऊ दिलं नाही. माझ्या डॉक्टर मित्राशीही मी खोटं बोललो. तिनं इथे उभं राहून माफी मागितली, ती माझ्या वाट्याची होती, आणि मी ती बसून ऐकली."

त्यांनी कपाळ चटईला टेकलं. भिंतीशी उभ्या असलेल्या आईबापांकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती. ओनिशी कुठे बघत होता तेही त्यांना कळलं नाही. मग त्यांना चटईवर अनवाणी पावलं ऐकू आली आणि ती त्यांच्यासमोर थांबली. इओरी होती, तिच्या मागे नात्सुहा.

"मिनोरी कितव्या मजल्यावर आहे?" इओरीनं विचारलं.

"तिसऱ्या."

"ही तिची ना?"

त्यांनी मान हलवली. इओरीनं पेटी उचलली, तिचाही हात खाली गेला, मग तिनं ती छातीशी धरली. दोघींनी चपला घातल्या आणि दार सरकवून त्या बाहेर पडल्या. आखाड्यातून निघताना वळून गुरूंपुढे वाकायचं असतं. त्या वाकल्या नाहीत. चाळीस वर्षांत त्सुकुदांनी ही चूक कुणाचीही खपवून घेतली नव्हती. त्या दिवशी त्यांनी ती पाहिली आणि मान खाली घातली.